बरं वाटायचं ऑपरेशन

आमच्या वन्सं माणसाला आधी नाकानं ओळखत, मग डोळ्यांनी. ओटीवर पाठमोऱ्या बसून आमसुलांसाठी रातांबे फोडत असल्या, तरी मागून येणाऱ्याकडे न बघता म्हणत, "आलास? आणि टपरीवर थांबून आलास." माझा नवरा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. पन्नाशीला आला तरी बहिणीच्या घरात पाऊल टाकण्याआधी तो बडीशेप चावायचा. उपयोग कधीच झाला नाही. "बाबू, सिगरेट कळतेच, वर बडीशेपही कळते. एकाचे दोन अपराध झाले."

मी त्यांना वन्सं म्हणे, बागेत काम करणारी माणसं काकी म्हणत. रत्नागिरीहून आरे-वाऱ्याकडे जाताना उजव्या हाताला चढ लागतो, तिथं कातळावर त्यांच्या सासरची हापूसची बाग. यजमान लवकर गेले. मुलगा मिलिंद शिकून मुंबईत नोकरीला लागला, संसारही तिथंच थाटला. बाग वन्संनी एकटीनं सांभाळली, आणि कुणी त्याबद्दल कौतुक करायला लागलं की त्या उठून चहा ठेवायला जात.

माझं माहेर साताऱ्याकडचं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा माझी बॅग अजून ओटीवरच होती. वन्संनी दारातूनच विचारलं, "डांबरगोळ्या घातल्यास? लोकर आणलीस की काय गो कोकणात?" आणली होती. आईनं हौसेनं विणलेला स्वेटर होता. पुढं तो त्यांच्या मांजरीला बाळंतपणात उपयोगी पडला. मला सगळ्या गोष्टींच्या याद्या करायची सवय आहे, हेही त्यांनी त्याच मुक्कामात हेरलं. तेव्हापासून मी फाटकात दिसले की त्या आत हाक मारत, "आली गो आमची यादी. चहात साखर किती घालायची ते तिलाच विचारा."

मिरकरवाड्याला मासळी आणायला त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे करमणूक होती. डिझेल, बर्फ, ओली जाळी, सुकत घातलेली मासळी, सगळ्याचा एकच वास माझ्या नाकात जायचा. वन्संच्या नाकात ते सगळे वेगवेगळे जात. टोपलीशी वाकायच्या आधीच त्या कोळणीला म्हणत, "अगो, हा बांगडा काल बर्फात झोपला होता. आज उठवून आणलास." ती तेवढीच तयारीची. "काकी, नाक घरी ठेवून यायचं काय घ्याल?" "नाक घरी ठेवलं तर तुझं फावेल ना गो." दोघी मनापासून हसत आणि ताजा बांगडा दुसऱ्या टोपलीतून निघे.

पण त्यांचं खरं राज्य आढीच्या खोलीत. झाडावरून उतरवलेला हिरवा आंबा भाताच्या पेंढ्यात थर लावून पिकत ठेवतात, ती आढी. तो रोज बघावा लागतो. पिकलेला वेळेवर काढला नाही तर तो नासतो आणि शेजारच्यालाही नासवतो. बाकीचे लोक आंबा उचलतात, रंग बघतात, देठाशी अंगठा दाबतात. वन्सं दारात अनवाणी उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या आणि सुनंदाला सांगायच्या, "भिंतीकडचा थर काढ आज. मधले अजून झोपलेत." सुनंदा ही दर सीझनला आतल्या गावातून येणाऱ्या बायकांची म्होरकी. ती पेंढा बाजूला करी आणि खालून पिवळे आंबे निघत. त्या खोलीत पावडर, सुवासिक साबण, उदबत्ती, काही चालत नसे. कुणी केसात सुरंगीचा वळेसर माळून आली, तर तो दाराबाहेरच्या खिळ्याला टांगून मग आत यायचं. "आंब्याला बोलू दे. मधे मधे तुम्ही बोलू नका."

गावात बोलबाला होता की काकींना साकासुद्धा वासानं कळतो. साका म्हणजे आंबा बाहेरून देखणा आणि कापल्यावर आत पांढरट, आंबट. वन्संनी ही ख्याती कधी स्वीकारली नाही. "साका कुणाला कळत नाही. कळतो म्हणेल तो खोटारडा." जे आहे तेवढंच म्हणायचं, हा त्यांचा दुसरा हट्ट. नाकाइतकाच पक्का.

एका वर्षी सीझनच्या सुरुवातीला मी मदतीला गेले, तर वन्सं ओटीच्या पार टोकाला खुर्ची टाकून बसलेल्या. जवळ गेल्यावर सोनचाफ्याचा वास आला. केसात फूल दिसेना. पदराआड, ब्लाऊजमध्ये खोचलेली होती, दोन-तीन. आणि आढीच्या खोलीत सुनंदा आंबे एकेक करून दाबून बघत होती.

"तुम्ही का नाही बघत?" मी विचारलं.

"वय झालं गो. नाक गेलं."

मला ते पटलं नाही. विहिरीमागे नवी दोरी बांधून त्यावर जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या वाळत घातलेल्या होत्या. न्हाणीघरात कापूर होता. मी त्यांच्या शेजारी बसायला गेले तशी त्या घाईनं म्हणाल्या, "तिथं नको. वारा इकडून तिकडे जातोय. या अंगाला बस."

म्हणजे नाक शाबूत होतं.

"वन्सं, आत चला. दाखवा मला."

"काय दाखवू?"

"पदराआड चाफा कशाला लागतो ते."

त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, दार लावलं, आणि पदर काढायच्या आधी मला म्हणाल्या, "श्वास धर."

डाव्या बाजूचा सबंध स्तन कठीण झाला होता आणि मध्यावर फुटला होता. कडा वर आलेल्या, आत ओल, थोडं रक्त. गळू समजून त्यांनी आधी हळद बांधली, मग कडुलिंब, मग कापराचं तेल. गळू नाही हे त्यांच्या केव्हाच लक्षात आलं होतं. "मिलिंदला सांगितलं असतं तर नोकरी टाकून धावत आला असता. तुला सांगितलं असतं तर तू यादी केली असतीस."

"केलीच असती."

"म्हणून नाही सांगितलं."

यादी मी त्याच दिवशी केली. तपासण्या, कोल्हापूरला मोठे फोटो, रिपोर्ट, सोबत कोण, गाडी कुठली. आजार हाडांत गेला होता, फुप्फुसांतही डाग होते. कॅन्सरच्या डॉक्टरांनी मला आणि मिलिंदला बाजूला घेऊन सांगितलं की हा आता मुळापासून जाणार नाही, औषधानं दाबून ठेवता येईल. वन्संनी आम्हाला परत येताना पाहिलं आणि विचारलं, "बाजूला का घेतलं? माझ्यासमोर सांगायला त्यांना काय लाज वाटत होती?" मग स्वतः आत जाऊन सगळं परत ऐकून आल्या.

पावसाळाभर सलाइनमधून औषधं झाली. केस गेले. हाडांचं दुखणं बरंच उतरलं, फुप्फुसांतले डाग लहान झाले. जखम मात्र मिटेना. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी गोळ्यांची पूड करून जखमेवर घालत असे, वर वास शोषणाऱ्या कोळशाच्या पट्ट्या. वास थोडा दबायचा, दुपारपर्यंत परत यायचा. खोकला आला की रक्त यायचं आणि मग बराच वेळ दाबून धरावं लागायचं.

माणसाला ज्या गोष्टीचा अभिमान असतो तिथंच घाव बसला तर तो कसा वागतो, हे मी त्या महिन्यांत पाहिलं. वन्सं मागच्या पडवीत राहायला गेल्या. ताट तिकडे न्यायला सांगत, आणि नेणाऱ्याला उंबऱ्याशीच थांबवत. दुपारच्या चहाला जमणाऱ्या शेजारणी आधी अंगणात बसू लागल्या, मग फाटकातून विचारू लागल्या. सुनंदा मुद्दाम गावाहून भेटायला आली, तर तिला आतूनच ओरडून सांगितलं, "ठीक आहे मी. बस चुकेल तुझी, जा." सुनंदा रडत परत गेली. मी रागावले, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "तिला उलटी दाबून बसावं लागलं असतं. मला ते बघावं लागलं असतं." आणि थोड्या वेळानं, भिंतीकडे तोंड करून, "मरायचं असतंच गो. पण मला माझ्याच नाकासमोर आणून बसवलंय. तुम्ही उठून जाऊ शकता. मी कुठं जाऊ?"

हे विचारायला माणूस सापडलं. रत्नागिरीत एक सर्जन बाई होत्या, वयानं लहान, बोलणं ठसठशीत कोल्हापूरकडचं. त्यांनी वन्संना तपासलं. दोन्ही हातांत ती गाठ धरली आणि हलकेच इकडेतिकडे हलवून पाहिली. नाकावर मास्क नव्हता, चेहऱ्यावर किळस नव्हती. वन्सं गाठीकडे बघतच नव्हत्या. त्या डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"हलतीय," डॉक्टर म्हणाल्या. "छातीच्या पिंजऱ्याला धरलेलं नाही. हे काढता येईल, काकू. पण आधी स्पष्ट सांगते. या ऑपरेशननं तुम्ही बऱ्या होणार नाही. हाडात आहे, फुप्फुसात आहे, तिथं माझा हात पोचत नाही. आयुष्य वाढेल असंही मी म्हणणार नाही."

"मग काय होईल?"

"बरं वाटेल."

हातातला आंबा फिरवून बघावा तसे ते शब्द वन्संनी फिरवून पाहिले. "बरं होणार नाही. बरं वाटेल." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "बघ गो. इतके महिने सगळे मला 'बरं होईल' म्हणतायत, नाहीतर खाली बघतायत. हे मधलं कुणाला सुचलं नाही."

"वास जाईल?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"जखमच राहिली नाही तर वास कुठला?"

"परत येईल?"

"येऊ शकतं. टाक्यांच्या जागी परत गाठी धरतात काही जणींच्या. केव्हा, ते मी नाही सांगू शकत. शिवाय इतकी कातडी काढल्यावर झाकायला पाठीकडची कातडी वळवून आणावी लागेल. ती धरली नाही तर हाल आहेत. भूल आहे, रक्त जाईल. विचार करा."

"आंब्याचा सीझन सुरू व्हायला अजून वेळ आहे," वन्सं म्हणाल्या. "तेवढ्यात होईल ना?"

डॉक्टरांना आधी कळलं नाही. मी आढीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "प्रयत्न करू," म्हणाल्या.

मिलिंदला हे मंजूर नव्हतं. त्यानं मुंबईत आणखी दोन डॉक्टरांना रिपोर्ट दाखवले होते. एकदा आजार पसरल्यावर स्तन काढल्यानं माणूस जास्त जगत नाही, असं दोघांनीही सांगितलं होतं. ते खरंच होतं, आमच्या सर्जन बाईही तेच म्हणत होत्या. तो शनिवारी गाडी पकडून आला आणि ओटीवरच माझ्याशी आणि माझ्या नवऱ्याशी भांडायला लागला. "मामी, दिवस वाढणार नसतील तर तिला कापायची कशाला? उरलेत ते सुखानं जाऊ देत. ऑपरेशन टेबलावर काही झालं तर मी स्वतःला काय सांगू?" माझा नवरा खाली मान घालून बसला होता. मिलिंद चुकीचं बोलत नव्हता, आणि त्याचा आवाज फुटत होता.

आतून हाक आली. "मिलिंद, इकडे ये. यादीलाही बोलाव."

आम्ही पडवीत गेलो. वन्सं खाटेवर बसल्या होत्या. शेजारची जागा थोपटून त्या मुलाला म्हणाल्या, "इथं बस. नाही, खुर्ची नको. इथं, जवळ."

त्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा कुणाला जवळ बोलावलं होतं. मिलिंद बसला. त्यानं आईचा हात हातात घेतला. त्यानं तोंड फिरवलं नाही, नाकाला रुमाल लावला नाही. वन्सं त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. बराच वेळ गेला.

"आई, पाणी आणतो तुला."

"पाणी आहे. बस."

तो बसला. घामाघूम झाला होता.

"तोंडानं श्वास घेतोयस," वन्सं हळू म्हणाल्या. "लहानपणी सर्दी झाली की असाच घ्यायचास, रात्रभर."

मिलिंदनं मान खाली घातली आणि तो रडायला लागला. वन्संनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि लगेच काढून घेतला, कारण हात वर केला की तिकडून वास सुटतो हे त्यांना माहीत होतं.

"मी तुला किती दिवस हवी आहे ते तू बघतोयस बाबा. तुझं बरोबर आहे. मी तुझ्या जागी असते तर तेच बघितलं असतं. पण मला कसं राहायचंय ते मी बघते. ते दुसऱ्या कुणाला बघता यायचं नाही."

सोमवारी मिलिंदनं रजा वाढवली आणि संमतीच्या कागदावर सही केली.

ऑपरेशन लांबलं. पाठीकडची कातडी वळवून आणायची म्हणजे दोन कामं होती. मी बाहेरच्या बाकावर बसून औषधांच्या चिठ्ठ्या लावून घेतल्या, कुणाला केव्हा कळवायचं ते ठरवलं. त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही, आणि नुसतं बसणं मला अजिबात जमत नाही. सर्जन बाई शेवटी बाहेर आल्या. "निघालं सगळं. आता कातडी धरते का बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत सोडलं. वन्संचा चेहरा भाताच्या पेजेसारखा पांढरा पडला होता. डोळे मिटलेले. नळ्या लावलेल्या. मी जवळ गेले तर त्यांचे ओठ हलत होते. मी कान नेला.

"फिनेल पातळ केलंय यांनी," त्या म्हणाल्या. "आणि त्या पलीकडच्या बाईच्या डब्यात शेवग्याची आमटी आहे. लागलीय खाली."

मी त्या डब्याकडे पाहिलं. त्याला अजून हात लागला नव्हता. त्या बाईच्या सुनेनं झाकण काढलं, चमच्यानं ढवळून पाहिलं आणि गोरीमोरी झाली. वन्संनी डोळे मिटूनच एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक. इतक्या महिन्यांनी त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वास येत होता. त्या नुसत्या श्वास घेत पडून राहिल्या. मी एवढं तृप्त माणूस कुठल्या लग्नाच्या पंगतीतही पाहिलेलं नाही.

कातडीनं धरलं. एका कोपऱ्याला थोडी काळी पडली, ती कापून परत टाके घालावे लागले. डावा हात खांद्याच्या वर जाईना. पण पट्टी कोरडी राहू लागली, आणि एक दिवस पट्टीच लागेना. वन्संनी कोळशाच्या उरलेल्या पट्ट्या स्वतः बांधून माझ्या हातात दिल्या. "हॉस्पिटलात दे. कुणी असेल तिथं चाफा खोचून बसलेली."

मग गावाचा घोटाळा झाला. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, काकी ओटीवर बसतात, म्हणजे काकी बऱ्या झाल्या, असं सगळ्यांनी धरलं. सुनंदानं वन्संच्या नावानं ग्रामदेवतेला नवस केला होता. तो फेडायला ती बायका घेऊन आली, नारळ, ओटीचं सामान, सगळं. मला वाटलं, वन्सं हसून गप्प बसतील. त्या खुर्ची घेऊन देवळात गेल्या. गुरवानं नारळ हातात धरून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा, तुझ्या ह्या लेकीला मोठ्या दुखण्यातून तू बरी केलीस..."

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

"थांब रे," वन्सं म्हणाल्या. "बरी केलीस नाही. बरं वाटतंय म्हण."

गुरव गोंधळला. "काकी, तसं गाऱ्हाण्यात बसत नाही."

"बसव. देवाला खोटं सांगून त्याच्याच समोर नारळ फोडायचा का?"

गुरवानं घसा साफ केला. "बा देवा महाराजा, तुझ्या ह्या लेकीला आता... बरा वाटतंय..."

"व्हय महाराजा!"

"आंबा निघेपर्यंत," वन्संनी पुढचं सांगितलं.

"तर आंबा निघेपर्यंत तिला असाच बरा वाटू दे..."

"व्हय महाराजा!"

कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळंच देऊळ हसलं. सुनंदा मात्र हसली नाही. परत येताना तिनं वन्संचा हात धरला आणि विचारलं, "काकी, म्हणजे गेला नाय?"

"आत आहे गो. दारात बसून भुंकत होता, तेवढा उठवला."

सुनंदा रस्त्यातच उभी राहिली. "मग मी नवस कशाचा फेडला?"

"तू आज माझा हात धरून चाललीस, त्याचा."

चैत्रात पहिली आढी लागली. आंबा बोलायला लागला त्या सकाळी सगळ्या बायका कामं सोडून खोलीच्या बाहेर उभ्या होत्या. मला मनातून धास्ती होती. सलाइनच्या औषधांनी चव जाते, वास जातो, असं मी ऐकलं होतं. इस्पितळातली आमटी ओळखणं वेगळं आणि हे वेगळं. वन्सं चपला काढून दारात उभ्या राहिल्या. डोक्यावर केस नुकते पांढरे फुटले होते, पदर सपाट छातीवरून सरळ खाली आला होता. डोळे मिटले. इतका वेळ गेला की सुनंदानं माझ्याकडे पाहिलं.

"काही कळत नाही," वन्सं म्हणाल्या.

कुणी हललं नाही.

"काय कळणार? कुणीतरी पावडर थापून आलीय आत्ता. कोण गो ती?"

मागची एक तरणी बाई तोंड झाकून विहिरीकडे पळाली आणि हशाचा असा कल्लोळ उठला की मांजर माळ्यावर गेलं. ती तोंड धुऊन आल्यावर वन्सं आत गेल्या. आंबे काढणं, पुसणं, पेटीत भरणं चालू झालं. त्या मधोमध बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना बायका होत्या, मांडीला मांडी लावून. कुणाची सासू, कुणाचा दारुडा दीर, कुणाच्या मुंबईच्या नवऱ्याचा फोन, सगळं बोलणं त्यांच्या अंगावरून इकडून तिकडे जात होतं. मी हिशेबाच्या कामासाठी आले होते. ते बाजूला ठेवून मी नुसती दारात बसून राहिले. आजार तसाच होता. एक दिवसही कुणी वाढवून दिलेला नव्हता. आणि ही बाई राणीसारखी बसली होती.

तो सीझन त्यांनी पुरा केला. मिलिंद दर शनिवारी यायचा. येताना मुंबईहून काही ना काही खायला आणायचा, आणि पिशवी उघडायच्या आधी आईला ओळखायला लावायचा. तो तिच्या खाटेवरच झोपायचा, उशाला डोकं टेकून.

पावसाळ्यात दम लागायला लागला. फुप्फुसांतलं वाढलं होतं. टाक्यांच्या एका टोकाला दोन बारीक गाठी दिसल्या, तेव्हा मी त्यांना सर्जन बाईंकडे नेलं. डॉक्टरांनी बोट फिरवून पाहिलं. "आलंय थोडं परत, काकू."

"फुटेल?"

"इतक्यात नाही फुटायचं."

"मग राहू दे," वन्सं म्हणाल्या. "मी काही तोवर थांबत नाही." आणि डॉक्टरांच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या दिवशी श्वास धरला नव्हतात. बघितलं होतं मी."

दम कमी व्हायचं औषध आणि ऑक्सिजनचं यंत्र घरीच आणलं. खाट माजघरात घेतली, कारण पडवीत परत जायला त्यांनी साफ नकार दिला. आश्विनात त्या बोलेनाशा झाल्या, मग थोडं बोलत, मग परत गप्प. शेवटच्या दुपारी सुनंदा आणि तिच्या बायका भातकापणी टाकून आल्या होत्या. शेजारणी होत्या, मिलिंद पायाशी होता, त्याची बायको उशाशी. खाटेभोवती इतकी माणसं दाटली की माझा नवरा घाबरून म्हणाला, "जरा लांब सरा सगळ्यांनी. तिला हवा येऊ द्या."

वन्संनी डोळे उघडले. "बाबू," त्या म्हणाल्या. मधे दम घेतला. "तू सर. ह्यांना बसू दे."

तो हसत रडत उठला आणि त्याच्या जागेवर सुनंदा सरकली. तिनं वन्संचा डावा हात, तो वर न जाणारा, आपल्या मांडीवर घेतला. मागच्या बायका पुढं आल्या. आणखी कुणीतरी खाटेच्या कडेवर टेकलं. यंत्राचा आवाज चालू होता आणि बायका हळू आवाजात आपापसांत बोलत होत्या, पावसानं भात कसं आडवं केलंय त्याबद्दल. वन्सं डोळे मिटून ऐकत होत्या.

ऊन उतरायच्या आत त्या गेल्या. मला उठून डॉक्टरांना फोन करायचा होता. पण सगळ्यांचे गुडघे एकमेकांना लागलेले होते, आणि त्या गर्दीतून बाहेर पडायला वाट नव्हती.